बंपरचे बोल्ट: काम सुरू करण्याआधीची तयारी

बंपरचं काम रविवारी काढायचं असेल तर बोल्ट शनिवारीच घरात हवेत, आणि इंदूरच्या सियागंज बाजारात ते आणायला जाताना जुना बोल्ट खिशात हवा. नुसतं गाडीचं मॉडेल सांगून हार्डवेअरच्या दुकानात नेमका बोल्ट मिळेल या भरवशावर जाऊ नका. एकाच बंपरला कितीतरी जातींचा माल लागतो: चाकाच्या कमानीपाशी प्लास्टिकचे स्क्रू, वरच्या कडेला दाबून बसवायच्या क्लिपा, ब्रॅकेटला बहुधा ६ एमएमचे बोल्ट आणि आतल्या बीमला (बंपरमागच्या धातूच्या आडव्या पट्टीला) ८ किंवा १० एमएमचे. म्हणून खोलतानाच प्रत्येक जागेचा फोटो घ्या. पुठ्ठ्यावर बंपरचा ढोबळ आकार काढून जिथला बोल्ट तिथेच टोचून ठेवा. वाटीत एकत्र टाकलेत तर कुठला कुठे होता ते नंतर कळत नाही.

खोलण्याआधी इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा आणि थोडा वेळ थांबा, कारण बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा सेन्सर बंपरच्या मागेच असतो. फॉग लॅम्प आणि पार्किंग सेन्सरचे कनेक्टर आधी काढा, बंपर ओढू नका. बोल्ट गंजले असतील तर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात मुरणारं पातळ तेल) मारून ठेवावं. इंदूरच्या पावसाळ्यात चिखल खाल्लेल्या खालच्या बोल्टांना याची गरज पडतेच; घाईनं १० नंबरच्या पान्यावर जोर दिला की डोकं तुटून हातात येतं.

आता माप. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. व्हर्नियरनं जाडी मोजा, डोक्याच्या खालपासून टोकापर्यंत लांबी मोजा, आणि मग आटे मोजा. पट्टी लावून सलग दहा आट्यांचं अंतर बघायचं: ६ एमएमच्या नेहमीच्या बोल्टला ते १० एमएम भरतं, ८ एमएमच्याला १२.५. हे का करायचं? दुकानात सुताचा, म्हणजे इंची मापाचा मालही असतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). अडीच सुताचा बोल्ट ७.९ एमएमचा, हातात घेतला तर हुबेहूब ८ एमएमचा वाटतो. गाडीच्या नटमध्ये तो दोन फेरे सुखानं जातोही, मग अडतो, कारण त्याच्या आट्यांतलं अंतर १.४१ एमएम असतं आणि नटचं १.२५. तिथे पान्यानं रेटलं की चॅसिसला वेल्ड केलेल्या नटचे आटे गेलेच, आणि तो नट बदलणं हे बोल्ट बदलण्याच्या कितीतरी पट मोठं काम आहे. म्हणून काउंटरवर स्पष्ट सांगा, "मिलिमीटर की चूड़ी चाहिए, सूत की नहीं", आणि जुन्या बोल्टला नवा चिकटवून उजेडात धरा. आटे एकमेकांत बसले पाहिजेत, मधे फट दिसता कामा नये.

बीमच्या बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचायला विसरू नका. ८.८ असेल तर ८.८च घ्या, पहिला आठ म्हणजे ८०० मेगापास्कल ताणशक्ती, दुसरा म्हणजे तिच्या ८० टक्क्यांपर्यंत कायमचं न ताणता टिकण्याची तयारी. डोकं कोरं असलेला बोल्ट बीमला लावू नये. चकचकीत स्टेनलेसचा मोह इथे टाळावा: साधा स्टेनलेस ८.८ पेक्षा कमकुवत असतो, आणि बीम ॲल्युमिनियमचा असेल तर त्या बीमलाच गंजवून खातो. बाहेरच्या कव्हरला मात्र स्टेनलेस खुशाल चालतो.

बोल्टबरोबर प्लास्टिकसाठी रुंद वॉशर, पत्र्याच्या कडेवर सरकवायच्या यू आकाराच्या क्लिप-नट आणि निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं द्रव) घ्या. नायलॉनची रिंग असलेले नट एकदा काढले की नवेच लावावेत.

बसवताना सगळे बोल्ट आधी हातानं तीन-चार आटे धरवा, बंपर आणि हेडलॅम्पमधली फट दोन्ही बाजूंना सारखी करा, मगच आवळा. धातूवर ६ एमएमच्या ८.८ ला आवळायला साधारण १० न्यूटन-मीटर (टॉर्क पान्यावरचा आकडा) आणि ८ एमएमच्याला २५ पुरतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. प्लास्टिकवर वॉशर सपाट टेकला की थांबायचं. ब्रॅकेटमधली लांबट भोकं उगाच नसतात, मे महिन्यातल्या ऊन्हात बंपर फुगतो आणि त्याला सरकायला जागा लागते. थ्रेडलॉकर फक्त बीमच्या बोल्टला, तेही ऑइल पुसून कोरडं केल्यावर. काही प्लास्टिक त्यानं तडकतं. पूर्ण घट्ट व्हायला त्याला २४ तास द्या.

शेवटी बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढा. आठवड्याभरानं वाकून बघायचं: रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला आहे. तो वरून आवळू नका, काढा, आटे साफ करा आणि नव्यानं थ्रेडलॉकर लावून बसवा.