समोरच्या वाऱ्यात डिस्क उजवीकडे पळायची: माझा अनुभव

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या माळावर आम्ही डिस्क गोल्फ खेळतो, म्हणजे चपटी डिस्क फेकून कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकायची. सायकलची रिम आणि साखळ्या जोडून केलेली बास्केट, राजहंसगडावरून येणारा वारा. ३०-३५ मीटरवरून उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून बाहेर नेत केलेली फेक) मारला की माझी बझ नावाची डिस्क हवेत उचलली जायची, उजवीकडे वळायची आणि शेजारच्या भातात जाऊन पडायची.

जोर वाढवला, तर आणखीनच वळली. जड डिस्क घेतली, फरक जेमतेम. डावी कड खाली झुकवून फेकली, तर वारा पडला की भलतीच डावीकडे. दोन महिने चिखलच तुडवला.

चूक डिस्कच्या निवडीत होती. डिस्क कशी उडते ते चार आकड्यांत सांगतात. बझचे आकडे ५, ४, -१, १: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण (उणे म्हणजे उजवीकडे), शेवटचा फेड, म्हणजे वेग कमी झाल्यावर डावीकडे वळणं. समोरचा वारा उजवं वळण वाढवतो. त्यात माझी बझ घासून गुळगुळीत झालेली, म्हणजे आणखी वळणारी. मग आधी तिसरा आकडा शून्य शोधला, नंतर चौथा ३, आणि शेवटी दुसरा कमीत कमी, कारण जास्त तरंगणारी डिस्क बास्केट ओलांडून जाते. रॉक३ ही डिस्क (५, ४, ०, ३) इथेच गळाली. झोन ही डिस्क (४, ३, ०, ३) घेतली. तिला पटरमध्ये, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायच्या डिस्कमध्ये मोजतात, मोजू देत.

आता बास्केटच्या उजवीकडे दोन-तीन पावलं नेम धरतो, डिस्क सपाट, पुढची कड किंचित खाली, छातीच्या उंचीवरून, अर्ध्या जोराने. ती सरळ जाते, शेवटी डावीकडे वळून धप्पकन बसते. वारा पाठीमागून असेल तर मात्र बझच काढतो.