लिश्टनस्टाइनचा इतिहास कसा मांडायचा: आधी वरचा मालक शोधा

सोलापुरात माझ्याकडे स्पर्धा परीक्षेची पोरं शिकायला येतात. नेपोलियनपर्यंत झोकात येतात आणि जर्मन संस्थानांपाशी गाडी रुतते. त्यांतलंच एक लिश्टनस्टाइन, जेमतेम १६० चौरस किलोमीटरचं. 'ते स्वतंत्र कधी झालं?' यावर अडून बसू नका. 'त्याच्या डोक्यावर कोण होतं?' एवढंच विचारत चला.

कोरा कागद घ्या. वर पवित्र रोमन साम्राज्याचा (म्हणजे त्या काळच्या जर्मन मुलखांच्या साम्राज्याचा) सम्राट, मधे स्वाबिया या जर्मन प्रांताचा ड्यूक, तळाला आजच्या लिश्टनस्टाइनचा मुलूख. आता ड्यूकवर काट मारा आणि शेजारी १२६८ लिहा. त्या वर्षी शेवटचा ड्यूक कॉनरॅडीन याचं नेपल्समध्ये डोकं उडवलं गेलं. गादीला वारस नाही, डची (ड्यूकचं राज्य) मोडली. खालचे सरदार हळूहळू थेट सम्राटाच्या हाताखाली गेले. त्यांतल्या व्हाडुझच्या (आजच्या लिश्टनस्टाइनचा एक भाग) या दर्जावर १३९६ मध्ये राजाचं शिक्कामोर्तब झालं.

इथं मी अक्कलकोट काढतो. स्वामींच्या दर्शनाला का होईना, पोरं तिथं जाऊन आलेली असतात. अक्कलकोटचे भोसले साताऱ्याच्या छत्रपतींचे जहागीरदार. १८४८ मध्ये सातारा खालसा झालं आणि अक्कलकोट थेट इंग्रजांकडे आलं. मधला गेला, वरचा राहिलाच. साम्य तेवढंच, पुढं ताणू नका.

आता खरी मजा, इथं वेळ द्या. लिश्टनस्टाइन हे मुळात घराण्याचं नाव. १६०८ पासून प्रिन्स, मोराविया-ऑस्ट्रियात गडगंज जमीन, पण सगळी हॅब्सबर्ग घराण्याच्या स्वतःच्या राज्यांतली, थेट सम्राटाखालची नव्हे. साम्राज्याच्या सभेत मानाची जागा हवी तर थेट सम्राटाखालचा मुलूख पाहिजे. कर्जात बुडालेलं होहेनएम्स घराणं नेमका तसलाच मुलूख विकायला निघालं होतं. लिश्टनस्टाइन घराण्यातल्या प्रिन्स हान्स-आडामनं १६९९ मध्ये शेलेनबर्ग १,१५,००० गुल्डेनला (तेव्हाचं चलन) घेतलं, १७१२ मध्ये व्हाडुझ २,९०,००० ला. २३ जानेवारी १७१९ ला सम्राट सहाव्या चार्ल्सनं दोन्ही जोडून संस्थान केलं आणि त्याला घराण्याचंच नाव दिलं. एका खुर्चीसाठी एवढा खटाटोप! आणि गादीवरचा प्रिन्स तिथं पहिल्यांदा पाऊल टाकतो ते १८४२ मध्ये. वर्गात इथं हमखास हशा पिकतो. ज्या सनावर पोरं हसली, तो सन ती पेपरातही विसरत नाहीत.

मग सम्राटावर काट. १२ जुलै १८०६ ला नेपोलियननं जर्मन संस्थानांचा ऱ्हाइन संघ उभा केला आणि त्यात लिश्टनस्टाइनलाही घेतलं. प्रिन्स योहान पहिला ऑस्ट्रियाचा सेनापती, संघाच्या करारावर त्याची सहीसुद्धा नाही! म्हणून संस्थान त्यानं नावापुरतं आपल्या लहानग्या मुलाच्या, कार्लच्या, नावे केलं. ६ ऑगस्टला सम्राट दुसरा फ्रान्सिस पायउतार झाला, साम्राज्यच संपलं. संघाचा रक्षक म्हणून नेपोलियनचं नाव वर लिहा, पण पेन्सिलीनं. १८१३ मध्ये ते खोडायचंच आहे. १८१५ मध्ये जर्मन महासंघ आला, तोही १८६६ मध्ये मोडला. दोन वर्षांत लिश्टनस्टाइननं आपलं ऐंशी माणसांचं सैन्यही घरी पाठवलं.

उत्तर लिहिताना लढ्याची भाषा मात्र आणू नका. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरनं इंग्रजांचा अंमल काही दिवस झुगारला आणि पुढं चौघे फासावर गेले, ती गोष्ट निराळी. इथं सुरुवात १२६८ नं करा, १७१९ ला सम्राटाची मान्यता लिहा, १८०६ ला सार्वभौमत्व. दहा गुणांच्या प्रश्नात खरेदीचे दोन आकडेही टाका. बाकीची पोरं ते टाकत नाहीत.