गल्ल्यात पैसा का दिसत नाही? धंद्याच्या हिशेबाला आठवड्याचा एक तास

दिवसभर मान वर करायला फुरसत नाही, ऑर्डरी रांगेत आहेत, बिलं फाडली जाताहेत. आणि महिनाअखेरीला पगार काढायला गल्ल्यात हात घातला की बोटं तळाला लागतात. ही तक्रार कधीच केली नाही असा छोटा धंदेवाला मी तरी पाहिलेला नाही. मी स्वतः अकरा वर्षं फोटोफ्रेम बनवायचं वर्कशॉप चालवलं. त्यातली पहिली पाच वर्षं मला वाटायचं, काम कमी पडतंय. म्हणून आणखी काम घ्यायचो, आणि खड्डा आणखी खोल जायचा.

काम भरपूर होतं. नफाही होता. पण तो कागदावर होता, आणि कागदावरच्या नफ्याने पगार होत नाहीत. हे कळल्यावर मी आठवड्यातला एक तास फक्त हिशेबाला द्यायला लागलो. त्या तासात काय करायचं आणि कुठल्या क्रमाने, ते खाली सांगतो. बेरीज-वजाबाकी आणि टक्केवारी येत असेल तर बाकी काही शिकावं लागत नाही.

पायरी 1: खिसे वेगळे करा

धंद्याचं बँक खातं वेगळं, घरचं वेगळं. आणि स्वतःला दर महिन्याला ठरलेला पगार द्या, सुरुवातीला अगदी तुटपुंजा असला तरी चालेल. गल्ल्यातून घरखर्चाला काढलेली नोट कुठेच लिहिली जात नाही, आणि अडीनडीला घरातून धंद्यात घातलेला पैसाही विसरला जातो. मग धंदा घराला पोसतोय की घर धंद्याला, हे मालकालाच सांगता येत नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशी गत.

पायरी 2: कच्ची वही ठेवा

1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या गणिती साधूने तिथल्या व्यापाऱ्यांची हिशेबाची पद्धत छापून प्रसिद्ध केली. जमा-नावेची, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन बाजूंना लिहायची, ही पद्धत त्याने शोधली नव्हती, व्यापारी ती आधीपासून वापरत होते. त्याने ती नीट मांडली. त्याने तीन वह्या सांगितल्या होत्या. त्यातल्या दोन म्हणजे आपली रोजकीर्द (तारखेवार नोंदींची वही) आणि खतावणी (प्रत्येकाचं खातं वेगळं मांडलेली वही). पण मला आवडते ती पहिली, कच्ची. व्यवहार घडला की लगेच त्यात टिपायचा, मालकाने किंवा घरातल्या-दुकानातल्या कुणीही, जमेल तशा अक्षरात. नीटनेटकं नंतर करता येतं.

तुम्हीही तेच करा. वही असो की मोबाइल, रोज चार गोष्टी टिपा: किती आले, कुणाकडून, किती गेले, कशासाठी. रात्री गल्ला मोजा आणि वहीशी ताडून बघा. फरक आला तर त्याच रात्री शोधा. दुसऱ्या दिवशी आठवत नाही, हा स्वानुभव आहे. रोजची पाच मिनिटं दिलीत तरच आठवड्याचा एक तास पुरतो, नाहीतर तो तास पावत्या शोधण्यातच जातो.

पायरी 3: येण्याची यादी काढा आणि फोन उचला

तासातला निम्मा वेळ इथे द्या. एका कागदावर चार रकाने पाडा: मुदत न उलटलेली बिलं, मुदत उलटून 30 दिवसांच्या आतली, 30 ते 60 दिवसांची, आणि त्याहून जुनी. ज्याचे पैसे यायचे आहेत ते प्रत्येक बिल आपापल्या रकान्यात लिहा आणि रकान्यांच्या बेरजा करा. माझी पहिली यादी झाली तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. शेवटच्या रकान्यातली रक्कम माझ्या वर्कशॉपच्या तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त होती, आणि भाडं भरायला मी बहिणीकडून उसने पैसे घेतले होते.

आता फोन. आपल्याला वाटतं, पैसे मागितले तर गिऱ्हाईक दुखावेल. पण माल दिलाय, बिल दिलंय, मुदत त्यांनीच मान्य केली आहे. संकोच कशाचा? शिवाय बिल थकायचं कारण पुष्कळदा अगदी फुसकं निघतं. एका कार्यालयाकडे माझं बिल अडीच महिने अडकलं होतं. फोन करू की नको यात मी आठ दिवस घालवले. शेवटी केला.

"मॅडम, साठ फ्रेमच्या बिलाबद्दल फोन केला होता. बिल पोचलंय ना?"

"पोचलंय, पण त्यावर ऑर्डर नंबर कुठे आहे? नंबराशिवाय पुढे जात नाही."

"मग कळवायचं नाही का?"

"मला वाटलं, तुम्ही दुसरं पाठवाल."

नंबर घातलेलं बिल मी अर्ध्या तासात पाठवलं, आणि नवव्या दिवशी पैसे जमा झाले. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या टेबलावर माझ्यासारखी शंभर बिलं असतील, आणि जो विचारतो त्याचं वर येतं.

तेव्हापासून माझे तीन प्रश्न ठरलेले आहेत: बिल मिळालं का, त्यात काही अडचण आहे का, आणि पैसे कुठल्या तारखेला येतील. तिसरा प्रश्न सोडायचा नाही. "बघतो", "होऊन जाईल" ही तारीख नव्हे. तारीख मिळाली की ती यादीत त्या बिलापुढे लिहा, आणि ती टळली तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा फोन करा. आवाज चढवायचा नाही आणि गयावयाही करायची नाही.

पायरी 4: पुढच्या 13 आठवड्यांचा तक्ता

तेरा आठवडे म्हणजे वर्षाचा पाव हिस्सा. एवढ्या टप्प्यात भाडं, पगार, कर्जाचा हप्ता, मालाची मोठी खरेदी असे बहुतेक खर्च एकदा तरी येऊन जातात. कागद आडवा धरून तेरा रकाने पाडा. प्रत्येकात वरून खाली चार ओळी: सुरुवातीची शिल्लक, येणार असलेले पैसे, द्यायचे पैसे, उरलेली शिल्लक. ही उरलेली शिल्लक पुढच्या रकान्याच्या पहिल्या ओळीत उतरवायची, की झालं.

येणं लिहिताना हात आखडता ठेवा. जे गिऱ्हाईक नेहमी वीस दिवस उशिरा देतं, त्याचे पैसे वीस दिवस उशिराच्याच रकान्यात लिहा. देणं मात्र वेळच्या वेळी धरा.

कुठल्यातरी आठवड्यात शिल्लक शून्याखाली जाईल. माझ्या पहिल्याच तक्त्यात सहाव्या आठवड्यात गेली होती. पोटात गोळा आला, पण तक्ता त्यासाठीच असतो. सहाव्या आठवड्यातली टंचाई पहिल्या आठवड्यात दिसली तर हातात पाच आठवडे मिळतात: जुनी वसुली लावून धरता येते, खरेदी पुढे ढकलता येते, माल देणाऱ्याला आधीच सांगून तारीख वाढवून घेता येते. देण्याच्या तारखेला फोन न उचलणारा आणि महिनाभर आधी "या वेळी दोन हप्त्यांत देतो" असं सांगणारा, यांत माल देणारा कुणाला सांभाळून घेईल?

तक्ता पेन्सिलीने करा. दर आठवड्याला खोडावाच लागतो.

पायरी 5: मोठी ऑर्डर घ्यायच्या आधी खड्डा मोजा

मोठी ऑर्डर आली की हुरळून जायला होतं. तेव्हा एकच गणित करायचं. समजा ऑर्डर 100 ची आहे: सामानाला 55, मजुरीला 20, आणि 25 नफा. कागदावर झकास. पण सामानाचे 55 पहिल्याच दिवशी गेले, मजुरीचे 20 पंधरवड्यात गेले, आणि गिऱ्हाईक पैसे देणार दोन महिन्यांनी. तोवर तुम्ही 75 चा खड्डा स्वतःच्या खिशातून भरून बसलेले असता. ऑर्डर दुप्पट झाली की खड्डाही दुप्पट. चालता धंदा गुदमरतो तो असा, ऑर्डरी हातात असताना.

आता त्याच ऑर्डरीवर 40 आगाऊ घ्या. खड्डा 75 वरून 35 वर येतो. नफा तेवढाच राहतो, झोप मात्र लागते. आगाऊ मागताना कारण सरळ सांगावं: तुमच्या मापाचं सामान आणावं लागतं, दुसरीकडे वापरता येत नाही. काम मोठं असेल तर टप्पे पाडा, प्रत्येक टप्प्याला बिल करा. आगाऊ काहीच नाही आणि मुदतही लांब, अशी ऑर्डर तक्त्यात बसत नसेल तर सोडून द्यावी. मी अशा दोन सोडल्या. एकीची हळहळ अजून वाटते, खोटं कशाला बोलू. पण ती घेतली असती तर वर्कशॉप राहिलं नसतं.

पायरी 6: भाव पुन्हा मांडा

हे दर आठवड्याला नको. तीन महिन्यांनी एकदा पुरे.

80 ला घेतलेला माल 100 ला विकला तर नफा किती? 20. खरेदीवर मोजलं तर 25 टक्के, विक्रीवर मोजलं तर 20 टक्के. घोटाळा इथे होतो. "आपल्याला पंचवीस टक्के सुटतात, वीस टक्के सवलत दिली तरी पाच उरतील," असा विचार करून माणूस 100 ची वस्तू 80 ला देतो, आणि हातात शून्य उरतं. सवलत विक्रीच्या भावावर जाते, म्हणून नफ्याची टक्केवारीही विक्रीवरच मोजायची सवय लावा.

सवलतीचं आणखी एक गणित. 100 च्या विक्रीत खर्च जाऊन 30 उरत असतील आणि तुम्ही 10 टक्के सवलत दिलीत, तर 20 उरतात. पहिल्याइतकाच पैसा सुटायला आता दीडपट माल विकावा लागेल. उलट भाव 10 टक्के वाढवलात तर 30 चे 40 होतात, आणि चारातलं एक गिऱ्हाईक गेलं तरी मिळकत तीच राहते, कामही कमी होतं. भाव वाढवायला आपण उगाच भितो.

कारागिरीचं किंवा सेवेचं काम असेल तर आपल्या तासांचा हिशेब धरा. आठवड्यात 48 तास काम करता, पण त्यातले 8 खरेदीला, 6 भाव सांगायला आणि मोजमापं घ्यायला, 4 हिशेबाला गेले, तर गिऱ्हाइकाला लावता येतात ते तास 30 च. चार आठवड्यांचे एकूण तास 192, पण लावता येणारे 120 च. महिन्याचा खर्च 192 तासांवर पसरून दर काढलात तर खरा दर त्याच्या 1.6 पट असायला हवा होता. मी पाच वर्षं 192 वरच पसरत होतो.

पायरी 7: पडून राहिलेला माल

सहा महिन्यांत जो हलला नाही तो विकून टाका, खरेदीच्या भावाने, नाहीतर तोट्याने. घेतला तेव्हा काय पडला होता हे विसरा. फळीवर तो जागा अडवतो आणि पैसाही. "कधीतरी लागेल" म्हणून मी जपलेली सोनेरी पट्टी शेवटी वाळवीने नेली.

तास टिकवायचा कसा

वार आणि वेळ ठरवा. माझी शुक्रवारची सकाळ होती, दार अर्धं लावून. क्रम नेहमी तोच: वही ताडायची, येण्याची यादी, फोन, तक्ता. एखादा आठवडा चुकला तर मागचं भरून काढायच्या नादी लागू नका, चालू आठवड्यापासून धरा.

आणि एक सांगायचंच आहे. आकडे वाईट निघाले म्हणजे तुम्ही वाईट धंदेवाले, असं नव्हे. धंदा मंदावतो, गिऱ्हाईक बुडवतं, मशीन ऐन हंगामात बसतं. हे जुन्या-जाणत्यांनाही चुकलेलं नाही. आकडा लपवायला जी ताकद लागते, ती मोजायला लागणाऱ्या ताकदीपेक्षा जास्त असते. शक्य असेल तर दुसऱ्या धंद्यातल्या एखाद्या मित्राला महिन्यातून एकदा तक्ता दाखवा. त्याला आपल्या कामाची माया नसते, त्यामुळे "हे गिऱ्हाईक तू अजून का ठेवलंयस?" असं तो बिनदिक्कत विचारतो. मलाही एकाने विचारलं होतं. मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही, आणि मग त्या गिऱ्हाइकाची उधारी बंद केली.

पहिल्याच आठवड्यात सगळ्या पायऱ्या चढायला जाऊ नका. या आठवड्यात खातं वेगळं करा आणि थकलेल्या बिलांची यादी काढा. त्यातल्या सगळ्यात जुन्या बिलाचा फोन उद्या करा, सकाळी अकराच्या आत. दुपारनंतर हिशेब बघणारा माणूस जागेवर सापडत नाही.