बाळाला लंगोटाचं पुरळ उठलंय? या चुका टाळा

माझी लेक सात महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. चिपळूणचा जुलै, दोरीवरचे लंगोट दोन-दोन दिवस वाळेनात, म्हणून दिवसाही डायपर सुरू झालं. चौथ्या दिवशी डायपर सोडलं तर ढुंगण आणि मांड्या लालबुंद, आणि पाणी लागताच तिनं पाय आखडून असा टाहो फोडला की माझेच हात थरथरले. घाबरून मी त्या दिवशी कोणी सांगेल ते लावत गेले. संध्याकाळपर्यंत कातडी आणखी सोलवटली. म्हणून आधी सांगते, या पुरळात काय लावायचं यापेक्षा काय थांबवायचं हे जास्त महत्त्वाचं आहे.

सगळ्यात मोठी चूक पुसण्यात होते. शी वाळून चिकटली की आपण वाइप घेऊन खसाखसा घासतो, वर साबण. सुगंधी किंवा अल्कोहोल असलेले वाइप तर सोललेल्या कातडीला झोंबतातच. त्यापेक्षा कोमट पाण्यात भिजवलेला कापूस किंवा जुन्या धोतराचा मऊ तुकडा घ्या, चिकटलेल्या जागी खोबरेल तेलाचं बोट फिरवा, मग अलगद निघतं. मुलगी असेल तर पुढून मागे पुसा. नंतर टिपून कोरडं करा, घासू नका. जांघेची घडी बोटांनी हलकेच उघडून तिथलं पाणीही टिपा, घाईत तीच जागा हमखास ओली राहते.

दुसरी चूक, "अजून डायपर भरलं नाही" म्हणून थांबणं. डायपर महाग आहेत, ते पुरवून वापरावेसे वाटणं साहजिक आहे. पण शू आणि शी एकत्र आली की शूमधल्या युरियापासून अमोनिया तयार होतो, कातडीची नैसर्गिक आम्लता कमी होते आणि शीमधली पाचक द्रव्यं जास्त जोरानं तिला खाऊ लागतात. म्हणून शी झाली की लगेच बदला, रात्रीसुद्धा. एरवी दर दोन-तीन तासांनी. जुलाब सुरू असतील तर याहून जास्त वेळा. "दात येतायत, म्हणून उठलंय" असं म्हणून जुलाबांकडे दुर्लक्ष करू नका. मोसंबीचा रसही वर्षाच्या आत देऊ नये.

त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, राहू दे तिला जरा उघडी. दुपट्यावर टाक, शू केली तर केली." दिवसातून चार-पाच वेळा पंधरा-वीस मिनिटं ती तशीच लोळत राहिली. दुपटी धुऊन धुऊन कंबर मोडली, पण दुसऱ्या दिवशीच लाली फिकट झाली. हा उपाय फुकटचा आहे आणि मला सगळ्यात जास्त याचाच भरवसा वाटतो.

पावडर मात्र नकोच. टाल्कम पावडरचे बारीक कण बाळाच्या श्वासात जातात, आणि ओल्या घडीत गोळे होऊन तेच घासत राहतात. बोरिक पावडर आणि खायचा सोडा तर सोललेल्या कातडीतून अंगात शोषले जातात, ते बाळाला धोक्याचे आहेत. हळद-डाळीच्या पिठाचं उटणं आणि राईचं तेलही या जागेपासून लांब ठेवा. घरातलं काही लावायचंच असेल तर शुद्ध खोबरेल, किंवा आईच्या दुधाचे दोन थेंब लावून वाळू द्यावेत. एवढं पुरतं.

कातडी पूर्ण कोरडी झाली की झिंक ऑक्साइडचं साधं मलम किंवा पेट्रोलियम जेली भाकरीवर लोणी थापावं तशी जाड लावा. ती ओल अडवते. पुढच्या वेळी घाण झालेला वरचा थर तेवढा काढा, खालचा खरवडू नका.

औषधाच्या दुकानातून "पुरळाची ट्यूब द्या" म्हणून मागून आणलेल्या मलमात पुष्कळदा तीव्र स्टिरॉइड असतं. डायपरच्या बंद जागेत ते जास्त शोषलं जातं, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय लावू नका.

लंगोट वापरत असाल तर जास्त साबण, जंतुनाशक आणि सुगंधी सॉफ्टनर टाळा. तीन पाण्यांतून खळबळून काढा. पावसाळ्यात दमट लंगोट तसाच न बांधता इस्त्री फिरवून घ्या. वरून प्लास्टिकची चड्डी नको.

साध्या पुरळात डायपर घासतं तो उंच भाग लाल होतो, घड्या बहुधा सुटतात. सावळ्या बाळांत ही लाली जांभळट किंवा गडद दिसते. पण जांघेच्या घडीतच गडद पट्टा आणि आजूबाजूला सुटे सुटे बारीक फोड दिसले, विशेषतः अँटिबायोटिक घेतल्यावर, तर बुरशी असू शकते. तिला वेगळं औषध लागतं, नुसत्या तेलानं ती जात नाही.

ताप, पू, पाणी भरलेले फोड किंवा रक्त दिसलं, बाळ अगदी तान्हं असलं, किंवा दोन-तीन दिवस सगळं नीट करूनही फरक नसला, तर डॉक्टरांकडे जा. तोंडाभोवतीही तसंच पुरळ असेल तर तेही सांगा. आणि जाताना बाळाला आजवर लावलेली प्रत्येक ट्यूब, तेल, पावडर पिशवीत घालून सोबत न्या.