शेळ्या-कोंबड्या सरकारी दवाखान्यात नेताना: फी, पावती आणि फुकटच्या लसी

आरेतल्या पाड्यावर माझी मावशी शेळ्या पाळते. तीन वर्षांपूर्वी दारात आलेल्या एका माणसाने शेळ्यांना लस टोचली, पैसे घेतले आणि गेला. पावती दिली नाही, कानात बिल्ला मारला नाही. पुढे शेळ्या विकायच्या वेळी लसीकरण झालंय हे दाखवायला तिच्याकडे कागदच नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी दवाखाना कोणाचा ते ओळखा. मुंबईत जिल्हा परिषद नाही, त्यामुळे गावाकडच्या दवाखान्याचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू होत नाही. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय ट्रस्टचं आहे, तर तिथलाच पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना विद्यापीठाच्या अखत्यारीत येतो. दोन्हीकडचे दर त्यांचे स्वतःचे. पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यातलं सेवाशुल्क मात्र शासन निर्णयाने ठरतं. केसपेपर, कृत्रिम रेतन, गर्भतपासणी, शस्त्रक्रिया, दाखला, प्रत्येकाचं शुल्क वेगळं असतं. दरपत्रक भिंतीवर दिसलं नाही तर मागून घ्या. मागायला संकोच वाटू देऊ नका.

मग कानातला बिल्ला पाहा. त्यावर बारा अंकी क्रमांक असतो. 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक राज्यात करता येत नाही. बिल्ला नसेल तर केसपेपर काढतानाच तसं सांगा.

आता फुकट काय मिळतं ते. लाळ्या-खुरकताची लस केंद्राच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत आहे. त्याच कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ब्रुसेला म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची लस आयुष्यात एकदाच देतात, तीही मोफत. या लसींचे पैसे कोणी मागितले तर पावती मागा.

कोंबड्यांचं गणित वेगळं. मानमोडीवरची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस पिल्लाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात. अडचण अशी की एका कुपीत शंभर-दोनशे पक्ष्यांची लस असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कुपी उघडायला कोणीही कुरकुरणारच. आमच्या पाड्यावर यावर तोडगा निघाला. चार-पाच घरांनी पिल्लं एकाच आठवड्यात काढायची, नावं आणि संख्या एका कागदावर लिहायची आणि दवाखान्यात एकानेच जायचं. खर्चही वाटला जातो. जाताना बर्फ घातलेला थर्मास न्या, कारण लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्येच टिकते. मे महिन्यात आरेच्या फाट्यावर बसची वाट पाहताना पिशवीतली कुपी तापली तर पैसे गेलेच, वर पिल्लांना लस मिळाली या भ्रमात तुम्ही राहता.

पक्षी एकदम मरू लागले तर फीचा विचार बाजूला ठेवा. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, कचराकुंडीत टाकू नका, थेट पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवा. जानेवारी 2021 मध्ये परभणीत कोंबड्यांना आणि मुंबईत कावळ्यांना बर्ड फ्लू झाल्याचं तपासणीत निघालं होतं.

पैसे भरलेत की पावती लगेच वाचा. तारीख, सेवेचं नाव, रक्कम आणि बिल्ला क्रमांक पाहा, क्रमांक नसेल तर लिहून मागा. पावतीचा फोटो फोनमध्ये ठेवा, पावसाळ्यात गोठ्यात कागद टिकत नाही. जनावराचा विमा असेल तर ते दगावल्यावर कंपनीला ताबडतोब कळवा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या. दाव्याच्या वेळी बिल्ल्याचा क्रमांक आणि उपचाराचे कागद मागितले जातात.

जनावर हलवणं शक्य नसेल तर 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याची गाडी आपल्या भागात येते का आणि घरी येण्याचं शुल्क किती, हे फोनवरच विचारून घ्या.

दर जास्त लावलाय असं वाटलं तर आधी दवाखान्याच्या प्रमुखाला पावती दाखवा. उत्तर पटलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून लागू असलेल्या शासन निर्णयाची प्रत मागता येते. मावशीने हा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिलाय आणि हल्ली शेळ्यांच्या पावत्या ती रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवते.