कमी खर्चात लिस्बन पाहताना या चुका टाळा

पश्चिम युरोपातील राजधान्यांमध्ये लिस्बन तुलनेने स्वस्त समजले जाते आणि त्याच समजुतीमुळे इथे येणारा प्रवासी थोडा गाफील राहतो. खर्च वाढतो तो मोठ्या चैनीमुळे नव्हे, तर चुकीच्या जागी घेतलेली खोली, चुकीचे भरलेले तिकीट आणि चुकीच्या रांगेत घालवलेली सकाळ यांमुळे.

पहिली चूक घरी बसूनच होते, ती म्हणजे राहण्याची जागा केवळ नकाशावरचे अंतर पाहून ठरवणे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी झालेला भूकंप, पाठोपाठ आलेल्या त्सुनामीच्या लाटा आणि नंतरची आग यांनी नदीकाठचा सखल भाग उद्ध्वस्त केला आणि तत्कालीन मंत्री पोंबालच्या मार्क्विसच्या देखरेखीखाली तो काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांचा म्हणून नव्याने बांधला गेला. तोच आजचा बायशा. शहरातल्या किल्ल्याच्या उतारावरचा आल्फामा हा जुना भाग मात्र बऱ्याच अंशी वाचला, म्हणून तिथल्या गल्ल्या अजूनही जुन्या वळणाच्या, अरुंद आणि पायऱ्यापायऱ्यांच्या आहेत. नकाशावर चारशे मीटर दिसणारे अंतर तिथे सरळ चढ असू शकते. आमच्या पहिल्या खेपेस आम्ही अशीच एक खोली घेतली आणि चाकांच्या बॅगा शेवटी हातात उचलून वर न्याव्या लागल्या, कारण लहान चुनखडी दगडांची तिथली पारंपरिक फरसबंदी चाकांना दाद देत नाही आणि पाऊस पडल्यावर पायांनाही देत नाही. आल्फामा पाहावा तो मोकळ्या हातांनी, सकाळी लवकर. राहण्यासाठी मात्र मेट्रोच्या हिरव्या मार्गावरील आंजुश, आरोयुश किंवा आलामेदा यांसारख्या स्थानकांजवळची जागा शोधावी. मूळ भाड्याखेरीज शहराचा पर्यटक कर लागतो, हेही हिशेबात धरावे. सप्टेंबर २०२४ पासून तो तेरा वर्षे व त्याहून मोठ्या माणसाला प्रतिरात्र ४ युरो आहे आणि जास्तीत जास्त सात रात्रींसाठी आकारला जातो. चौघा प्रौढांना आठवड्याला ही रक्कम जाणवण्याइतकी मोठी होते.

विमानतळावर उतरल्यानंतर लगेचच्या पुढच्या गाडीचे आरक्षण ठेवू नये. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाबाहेरून शेंगेन क्षेत्रात येणाऱ्यांच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली असून भारतीय पासपोर्टधारकांना तो वेळ द्यावाच लागतो. बाहेर पडल्यावर टॅक्सीकडे वळण्याचेही कारण नाही. मेट्रोचा लाल मार्ग विमानतळापासूनच सुरू होतो आणि आलामेदाला गाडी बदलून हिरव्या मार्गाने जुन्या शहराच्या मध्यावर पोहोचता येते. मात्र मेट्रो सकाळी साडेसहा ते रात्री एक एवढ्याच वेळात चालते. स्वस्त म्हणून घेतलेले मध्यरात्रीचे विमान उशिरा आले, तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

सर्वाधिक गोंधळ होतो तो तिकिटाच्या कार्डाबाबत. ‘नावेगान्ते’ हे कार्ड यंत्रावर अर्ध्या युरोला मिळते आणि ते प्रत्येकाला स्वतंत्र लागते. एकाच कार्डावर दोघांनी प्रवास करता येत नाही. या कार्डावर एका वेळी एकाच प्रकारचे तिकीट राहते. म्हणजे सुटे तिकीट भरलेले असताना त्यावर ‘झॅपिंग’, अर्थात प्रवासागणिक वजा होणारी शिल्लक रक्कम, भरायला गेलात तर यंत्र नकार देते. अनेकांना वाटते की कार्ड खराब झाले किंवा पैसे बुडाले. तसे काही झालेले नसते. आधीचे तिकीट वापरून संपवावे, किंवा सरळ दुसरे कार्ड घ्यावे. तुरळक प्रवास असेल तर झॅपिंग सोयीचे, कारण ते लोकल गाड्या आणि नदीपार नेणाऱ्या बोटींवरही चालते. दिवसभर ट्राम आणि बसची चढउतार करायची असेल तर चोवीस तासांचे तिकीट घ्यावे, आणि ते पहिल्यांदा यंत्राला टेकवल्यापासून चोवीस तास चालते हे लक्षात ठेवून दुपारी सुरू करावे, म्हणजे दुसऱ्या दिवसाची सकाळही त्यातच भागते. ट्राममध्ये चालकाकडून सुटे तिकीट घेतल्यास मात्र कार्डावरच्या भाड्यापेक्षा बरेच जास्त पैसे पडतात.

रोख रक्कम काढताना बँकेच्या शाखेला लागून असलेले यंत्रच वापरावे. यंत्र ‘रुपयांत की युरोत’ असे विचारते तेव्हा युरो निवडावे, कारण रुपयांचा पर्याय निवडला की विनिमयाचा दर ते यंत्र चालवणारा ठरवतो आणि तो ग्राहकाच्या तोट्याचा असतो.

अठ्ठावीस क्रमांकाच्या पिवळ्या ट्राममध्ये बसल्याशिवाय लिस्बन पाहिलेच नाही, असे मानून लोक मार्तिम मोनिझ चौकात लांबच लांब रांग लावतात आणि नंतर खचाखच भरलेल्या डब्यात उभ्याने प्रवास करताना पाकीट गमावतात. सकाळी लवकर जावे किंवा कांपो द ओरिकच्या टोकाकडून बसावे. सांता जुश्ता या १९०२ सालच्या लोखंडी उद्वाहनाच्या (लिफ्टच्या) रांगेबाबतही हेच म्हणता येईल. त्याच उंचीवरच्या कार्मो चौकात पायी जाता येते आणि बायशा-शियादू मेट्रो स्थानकातील सरकते जिने तिकीट न काढता चढाचा मोठा भाग पार करून देतात. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरिया मार्गावरील दोरगाडी (चढावर दोराने ओढला जाणारा रुळांवरचा डबा) घसरून १६ जणांचा मृत्यू झाला, त्यानंतर अशा जुन्या वाहनांची सेवा तपासणीसाठी थांबवण्यात आली होती. म्हणून दिवसाचा बेत त्यांच्यावर विसंबून आखू नये.

बेलेम हा भाग मराठी आणि गोव्याच्या वाचकाला विशेष जवळचा, आणि नेमका तिथेच वेळ वाया जातो. जेरोनिमोस मठासमोर दोन वेगळ्या रांगा असतात. एक तिकीट काढून आतल्या नक्षीदार चौकात जाण्याची, दुसरी सांता मारिया चर्चची, जिथे प्रवेश विनामूल्य आहे. वास्को द गामाची समाधी या चर्चमध्येच आहे. १४९८ साली कालिकतला पोहोचलेला आणि १५२४ साली कोचीनला मरण पावलेला हा माणूस, ज्याच्यामागून गोव्याची साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट आली, त्याच्या दगडी प्रतिमेसमोर उभे राहणे आपल्यासाठी साधे पर्यटन नव्हे. समाधी विनामूल्य चर्चमध्ये आहे हे ठाऊक नसलेले लोक तिकिटाच्या रांगेत दोन तास उभे राहतात. नक्षीदार चौकही पाहण्याजोगा आहे, पण त्याचे तिकीट आधी संकेतस्थळावर काढावे. सोमवारी मठ बंद असतो. ‘रविवारी प्रवेश मोफत’ ही जुन्या लेखांतून फिरणारी माहिती आता परदेशी पर्यटकांना लागू नाही; मोफत प्रवेशाची सवलत पोर्तुगालच्या रहिवाशांपुरतीच आहे. तिथे जाण्यासाठी गर्दीच्या पंधरा क्रमांकाच्या ट्रामऐवजी काइश दु सोद्रे स्थानकातून बेलेमला थांबणारी लोकल घ्यावी; ती काही मिनिटांत पोहोचवते.

जेवणाच्या बाबतीत नवख्या माणसाची फसगत पावापासून सुरू होते. आपला पाव हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आला, तसेच बटाटा, चावी आणि काजूही. मेजावर न मागता पाव, लोणी आणि ऑलिव्ह येतात, ते पाहुणचार म्हणून आले असे आपल्याला वाटते आणि मग प्रत्येक गोष्ट बिलात दिसते. या प्रकाराला तिथे ‘कुव्हेर’ म्हणतात. नको असेल तर हात न लावता तेव्हाच परत द्यावे. पोर्तुगालच्या कायद्यानुसार न मागितलेल्या आणि न वापरलेल्या पदार्थाचे पैसे घेता येत नाहीत. दुपारी ‘प्रातो दु दिया’, म्हणजे त्या दिवसाचे ठरलेले ताट, विचारावे. तेच पदार्थ रात्री वेगळे मागवले तर महाग पडतात. शाकाहारी मंडळींना मार्तिम मोनिझच्या आसपास भारतीय उपखंडातील खाणावळी आणि किराणा दुकाने सापडतात. नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्याने बाटली सोबत बाळगावी.

बिलात न खाल्लेल्या पावाचे पैसे लावलेच असतील, तर आवाज न चढवता ती ओळ दाखवावी. बहुतेक ठिकाणी ती लगेच काढली जाते. नकार मिळाल्यास तक्रार वही मागावी. प्रत्येक उपाहारगृहात ती ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितली की द्यावीच लागते.