रोजच्या स्पोर्ट्स कारला टर्बो बसवण्यापूर्वीची तयारी

टर्बोचार्जरची (एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राची) खरेदी या कामात बरीच उशिरा यायला हवी. पुष्कळ जण मात्र तेथूनच सुरुवात करतात. जी गाडी रोज सकाळी विनातक्रार चालू व्हायला हवी आणि वाहतुकीच्या कोंडीतही तग धरायला हवी, तिच्या बाबतीत अश्वशक्ती किती वाढली याच्या आधी उष्णता, इंधन आणि ऑईल यांची सोय झाली की नाही, हे पाहावे लागते. येथे मूळचे टर्बोविरहित पेट्रोल इंजिन गृहीत धरले आहे, ज्याचे पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड कारखान्यातून आले तसेच ठेवायचे आहेत.

सर्वप्रथम इंजिनाची प्रकृती तपासावी. इंजिन गरम असताना आणि थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून कॉम्प्रेशन टेस्ट करावी, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते मोजावे. सिलिंडरांमधील फरक १० टक्क्यांच्या आत असावा. त्यानंतर लीक-डाउन टेस्ट करून, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून, ती हवा कोठून निसटते ते ऐकावे: ऑईल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टन रिंग, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. गळती २० टक्क्यांच्या वर असेल तर टर्बोचा विचार बाजूला ठेवून तो पैसा आधी इंजिनावर खर्च करावा, कारण दाबाखाली प्रत्येक जुना दोष वाढतो.

मग बूस्ट, म्हणजे वातावरणापेक्षा जास्तीचा हवेचा दाब, किती ठेवायचा हे ठरवावे. टर्बोविरहित इंजिनांचे कॉम्प्रेशन गुणोत्तर (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते) बहुधा १०:१ किंवा त्याहून अधिक असते, त्यामुळे ०.४ ते ०.५ बारच्या पुढे जाण्याचा मोह टाळावा. २५ अंश सेल्सिअसची हवा अर्धा बार दाबली की साधारण ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागातून) ती ७५ अंशांच्या घरात तापून बाहेर पडते. अशी तापलेली हवा सिलिंडरमध्ये गेली की नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट, होण्याची शक्यता वाढते आणि नेमके तेच पिस्टन फोडते. म्हणून कमी बूस्टवरही ही हवा थंड करणारा इंटरकूलर हवाच. टर्बो लहान निवडावा. तो कमी आरपीएमवर जागा होतो आणि रोजची गाडी बहुतेक वेळ तेथेच चालते. ट्यूनिंगसुद्धा नेहमी हमखास मिळणाऱ्या ऑक्टेनच्या पेट्रोलवरच करून घ्यावे.

सर्वाधिक वेळ इंधन आणि ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) यांना द्यावा, कारण इंजिने जळतात ती बहुधा येथेच झालेल्या काटकसरीमुळे. चार सिलिंडरच्या इंजिनातून २०० अश्वशक्ती हवी असेल, तर प्रत्येक इंजेक्टरची क्षमता मिनिटाला सुमारे ४०० घनसेंटीमीटर असावी, म्हणजे तो ८० टक्के वेळच उघडा राहील आणि हाताशी थोडी शिल्लक उरेल. फ्युएल पंप केवळ छापील आकड्यावर न घेता, बूस्टमुळे रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब वाढल्यावर तो किती पेट्रोल देतो ते पाहून घ्यावा. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मूळचा मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबापलीकडे मोजू शकत नसेल तर तो बदलणे अपरिहार्य आहे. हवा आणि पेट्रोल यांचे आदर्श प्रमाण वजनाने १४.७:१ असले तरी पूर्ण बूस्टवर ते ११.५ ते १२:१ असे घट्ट, म्हणजे जास्त पेट्रोलचे, ठेवावे लागते, आणि ते खरोखर तसे आहे हे एक्झॉस्टमधून मिश्रणाचे प्रमाण मोजणाऱ्या वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरशिवाय कळत नाही. मूळच्या ईसीयूला फसवणाऱ्या जोडखोक्यापेक्षा इंधन आणि इग्निशन टायमिंग या दोहोंवर पूर्ण ताबा देणारा ईसीयू मी केव्हाही पसंत करीन. स्पार्क प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारे, घ्यावेत आणि त्यांची फट कमी ठेवावी.

ऑईलच्या नळ्यांबाबत निष्काळजीपणा फार महाग पडतो. टर्बोकडे जाणारी नळी बारीक असते, पण परतीची नळी जाड, सतत उताराची आणि संपमधील (इंजिनाच्या तळाच्या ऑईल टाकीतील) ऑईलच्या पातळीच्या वर जोडलेली हवी, कारण बेअरिंगमधून बाहेर पडलेल्या फेसाळ ऑईलला मागून कसलाही दाब नसतो. ते केवळ आपल्या वजनाने खाली उतरते. वाट तुंबली की ऑईल सीलमधून निसटते, निळा धूर येतो आणि दोष विनाकारण टर्बोला दिला जातो. बॉल-बेअरिंग टर्बो असेल तर उत्पादकाने सांगितलेला, ऑईलचा प्रवाह मर्यादित करणारा रिस्ट्रिक्टर आधीच मागवावा. रोजच्या वापरासाठी पाण्याने थंड होणारा टर्बो घ्यावा, म्हणजे गाडी बंद केल्यावर बेअरिंगमध्ये ऑईल करपत नाही.

टर्बाइनजवळचे (टर्बोच्या तापणाऱ्या एक्झॉस्ट बाजूजवळचे) ब्रेक पाइप, वायरिंग आणि रबरी होज यांना उष्णतारोधक आवरण द्यावे. क्लच, ब्रेक आणि रेडिएटर मूळ अवस्थेतही चांगले असले पाहिजेत. हा बदल आपल्याकडे नोंदवावा लागतो का, आणि विमा त्यानंतर लागू राहतो का, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

गाडी उघडण्याआधी काही आठवड्यांसाठी दुसऱ्या वाहनाची सोय करून ठेवावी. घाई झाली की तपासण्या गाळल्या जातात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गंजलेले स्टड आदल्या काही दिवसांपासून गंज सोडवणाऱ्या तेलाने भिजवावेत आणि नवे स्टड, गॅस्केट, तांब्याचे वॉशर, ऑईल, फिल्टर व कूलंट हाताशी ठेवावे.

पहिल्यांदा चालू करताना इंधन आणि स्पार्क बंद ठेवून ऑईलचा दाब येईपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवावा. गळती तपासल्यानंतरच गाडी रस्त्यावर काढावी, तीही बूस्ट कंट्रोलर न जोडता, केवळ वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवण्यासाठी जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगच्या दाबावर. नॉक आणि मिश्रणाची नोंद ट्यूनरने पाहून संमती देईपर्यंत पॅडल पूर्ण दाबू नये. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ऑईल बदलावे आणि इंजिन थंड असताना टर्बो व मॅनिफोल्डचे सगळे नट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला घट्ट करावेत.